वैद्याचे बोलणे, रोग्याचे ऐकणे



ज्या वैद्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांनी आपल्या आयुष्याचा उत्तरार्ध नाशिकच्या अंबड येथील कामगारवस्तीत रोग्यांच्या कैफियती ऐकण्यात घालविला, आणि त्यांच्या दवाखान्यात औषध देण्यापेक्षा ऐकून घेण्यालाच अधिक वेळ लागत असे, हे येथील जुनी माणसे आजही आदराने सांगतात. त्यामुळे यंदाचे पुष्प गुंफण्याचे निमंत्रण मला मिळाले तेव्हा विषय शोधीत बसण्याची आवश्यकताच उरली नाही. एका बाजूस डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि औषधविक्रेते, दुसऱ्या बाजूस रोगी आणि त्याचे नातलग, आणि या दोहोंच्या मध्ये नित्य घडणारे, ऐकणाऱ्यास हसू आणणारे गैरसमज, असा हा विषय आहे. या हसण्याला माझा विरोध नाही. मीही पुष्कळदा हसलो आहे. परंतु या परिसरात दीर्घकाळ वैद्यकी केल्यानंतर माझी अशी खात्री झाली आहे की, अशा प्रसंगी रोग्याने लावलेला अर्थ क्वचितच मूर्खपणाचा असतो. त्याच्याजवळ जेवढी माहिती असते तेवढ्यावरून कोणत्याही विचारी माणसाने जो अर्थ लावला असता, बहुधा तोच त्याने लावलेला असतो.

दिवाळी अंकांतून आणि गप्पांच्या बैठकींतून डॉक्टर-रोग्यांचे जे विनोद फिरतात, त्यांत रोगी नेहमी खेडवळ, भाबडा आणि काहीसा वेंधळा दाखविलेला असतो. तपासणीसाठी स्टूल आणावयास सांगितले म्हणून लाकडी स्टूल डोक्यावर घेऊन येणारा म्हातारा आपण सर्वांनी ऐकला आहे. तो म्हातारा मला कधी भेटला नाही. मला जी माणसे भेटली ती निराळी होती, आणि त्यांच्या हकीकती अधिक विचार करावयास लावणाऱ्या होत्या.

सिडकोत राहणाऱ्या, घरखर्चाचा हिशेब चोख ठेवणाऱ्या एका सुशिक्षित गृहिणीला रक्तातील साखर तपासण्यासाठी ‘उद्या सकाळी उपाशीपोटी या’ असे बजावण्यात आले होते. त्या वेळेवर आल्या. तंत्रज्ञाने सुई टोचण्यापूर्वी दस्तुराप्रमाणे विचारले, ‘काकू, उपाशी आहात ना?’ बाई म्हणाल्या, ‘हो तर, आज चतुर्थी आहे, माझा कडक उपास असतो.’ रक्त घेतले गेले, आकडा भलताच चढा निघाला, आणि तो कागद माझ्यासमोर आला तेव्हा मी त्यांना बोलावून सकाळपासून पोटात काय काय गेले याची चौकशी केली. ‘काही नाही हो डॉक्टर, उपासाचंच. वाटीभर साबुदाण्याची खिचडी, एक केळं आणि चहा.’ खोलीतील सगळे हसले. बाईही हसल्या, परंतु हे सारे कशाला हसत आहेत हे त्यांना उमगले नव्हते, आणि ते उमगण्याचे कारणही नव्हते. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या उपास म्हणजे धान्य वर्ज्य, आणि साबुदाणा, शेंगदाणे, रताळे, केळे विहित, अशी वहिवाट आहे, त्या घरातील बाईने ‘उपाशी’ या प्रश्नास होकार दिला यात असत्य कोठे आहे? तंत्रज्ञाला हवे होते ते इतकेच, की मागील आठ तासांत पाण्याखेरीज पोटात काही गेलेले नसावे. ही साधी गोष्ट एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. ते वाक्य मात्र कोणीच उच्चारले नव्हते.

चहाचेही असेच आहे. पहिल्या पाळीला जाणारा कामगार पहाटे चहा आणि दोन खारी घेऊन रक्त देण्यास येतो, आणि ‘काही खाल्ले नाही’ असे प्रामाणिकपणे सांगतो. कारण खाणे म्हणजे भाकरी किंवा पोळी, आणि चहा म्हणजे डोळे उघडण्याचे साधन, हा त्याचा हिशेब असतो. सटाण्याकडून लेकाकडे राहावयास आलेल्या एका आजीबाईंना मी साखर पूर्णपणे बंद करण्याची ताकीद दिली होती. महिन्याने त्या परत आल्या तेव्हा मोठ्या समाधानाने म्हणाल्या, ‘साखर सोडी दिन्ही, भाऊ. आते गूळ खास.’ आजीबाईंनी माझी आज्ञा अक्षरशः पाळली होती. साखर ही कारखान्यातून येणारी, पांढरी, शहरी वस्तू. ती बाधली असेल हे त्यांना पटण्यासारखेच होते, आणि गूळ हा तर आपल्या शेतातला, बाळंतिणीला द्यावयाचा जिन्नस. मग तो बाधेल कसा?

अंबडच्या दवाखान्यांत हे प्रसंग इतर ठिकाणांपेक्षा अधिक का घडतात, याचे कारण या वस्तीच्या जडणघडणीत आहे. हे मूळचे नाशिकच्या वेशीबाहेरील शेतीचे गाव. येथे औद्योगिक वसाहत आली, शेजारी सिडकोने सहा योजनांमधून घरे बांधली, आणि कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या कसमादे पट्ट्यातून, धुळे-जळगावकडून, पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतून, मराठवाड्यातून, आणि पुढे उत्तर प्रदेश व बिहारमधून माणसे येथे पोटासाठी येऊन राहिली. त्यामुळे सकाळच्या गर्दीत केसपेपरच्या खिडकीवर पाच तऱ्हांची मराठी, अहिराणी आणि निदान दोन तऱ्हांची हिंदी एकाच वेळी ऐकू येते, आणि खिडकीच्या आत बसलेला कारकून बहुधा यांपैकी एकच बोली जाणणारा असतो.

‘मना आंडोरले ताप उना’ असे सांगणाऱ्या मातेला आपल्या मुलाचा ताप दाखवावयाचा असतो. परंतु विदर्भातून नुकताच आलेला तरुण डॉक्टर ‘आंडोर’ हा शरीराचा कोणता अवयव असावा याचा विचार करीत त्या बाईचेच पोट तपासू लागल्याचे मी प्रत्यक्ष पाहिले आहे. मराठी आणि हिंदी या तर सख्ख्या बहिणी म्हणविल्या जातात, परंतु दवाखान्यात त्या एकमेकींना चांगल्याच चकवितात. मराठी परिचारिका बिहारी कामगाराला विचारते, ‘जुलाब हो रहा है क्या?’ मराठीत जुलाब हा विकार. हिंदीत जुलाब म्हणजे पोट साफ करण्यासाठी मुद्दाम घेतलेले औषध, आणि विकाराला तिकडे दस्त म्हणतात. कामगार म्हणतो, ‘नहीं दीदी, हमने जुलाब नहीं लिया,’ आणि रात्रभर हैराण झालेल्या त्या माणसाच्या कागदावर जुलाब नसल्याची नोंद होते. दुसरा कोणी काळजीच्या स्वरात ‘घरवाली पेट से है’ असे सांगतो. त्याची पत्नी गरोदर असते. तिला मात्र पोटदुखीच्या रांगेत उभी केली जाते. हे ऐकताना हसू येते खरे, परंतु त्या रांगेत ती बाई दोन तास उभी होती, हे मला विसरता येत नाही.

भाषेइतकाच घोटाळा कालगणनेचा होतो. ‘हे दुखणे कधीपासून?’ या प्रश्नास वयस्क रोगी ‘पोळ्यापासून’, ‘चंपाषष्ठीच्या आधल्या हप्त्यापासून’ अशी उत्तरे देतात, आणि शहरात वाढलेला शिकाऊ डॉक्टर कागदावर ‘कालावधी सांगता येत नाही’ असे लिहून मोकळा होतो. वास्तविक पोळा श्रावणी अमावास्येस येतो; पंचांग उघडले की तारीख मिळते, आणि ‘दोन-तीन महिने झाले असतील’ या सुशिक्षित उत्तरापेक्षा हे उत्तर किती तरी अधिक नेमके ठरते. वय विचारले असता ‘बहात्तरच्या दुष्काळात माझे लग्न झाले’ असे सांगणारी बाई, किंवा मागल्या सिंहस्थात गुडघा मुरगळला असे सांगणारे बाबा, आपणास काळाची खूण देत असतात. नाशिककरांना २००३ आणि २०१५ चे सिंहस्थ आठवतात. बाहेरगावच्या डॉक्टरला तेवढे विचारून घेता येते.

येथील कामगाराचा दिवस तर पंचांगावरही चालत नाही, तो पाळीवर चालतो. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टर १-०-१ असे लिहितात. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, हा त्याचा अर्थ वैद्यकाच्या जगात इतका रूढ आहे की, तो कोणाला ठाऊक नसेल ही शंकाही मनास शिवत नाही. एका वृद्ध गृहस्थांनी तो आकडा एकशे एक असा वाचला, आणि एवढ्या गोळ्या एकदम विकत घेण्याची ऐपत नाही, निम्म्या आज दिल्या तर चालतील काय, अशी दुकानदारापाशी विनवणी केली. हा झाला हसण्याचा भाग. दुसऱ्या एका ठिकाणी पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या तरुणाला सर्दीसाठी गुंगी आणणारी गोळी ‘रात्री जेवणानंतर एक’ या सूचनेसह लिहून दिली गेली. त्याची रात्रपाळी होती. त्याने सूचनेप्रमाणे घरी जेवण केले, गोळी घेतली, आणि तो कामावर गेला. मध्यरात्रीनंतर त्याची मान यंत्रापुढे कलू लागली तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने धावत येऊन प्रेस बंद केला, म्हणून त्याचा हात वाचला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला विचारले, ‘कोणती पाळी आहे हे तुला डॉक्टरांनी विचारले होते का?’ तो म्हणाला, ‘नाही साहेब. त्यांनी रात्री म्हटलं, मी रात्री घेतली.’ या उत्तरात खोडून काढण्याजोगे काय आहे? ज्या गावात हजारो माणसे दिवसा झोपतात, त्या गावात ‘रात्री’ म्हणजे ‘झोपण्यापूर्वी’ असे गृहीत धरणाऱ्या डॉक्टरने आपण कोठे बसलो आहोत याची दखलच घेतलेली नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

‘जेवणानंतर’ या सूचनेचीही तीच कथा. ज्या दिवशी जेवण नाही त्या दिवशी गोळी नाही, असा सरळ अर्थ लावून एकवेळ जेवणारा मजूर औषध निम्म्यावर आणतो, आणि गुण का येत नाही म्हणून डॉक्टर औषधच बदलतो. क्षयाच्या रोग्याचे तर याहून दुःखद आहे. उपचार किमान सहा महिने चालतो. परंतु एक-दीड महिन्यात खोकला थांबतो, ताप जातो, अन्न गोड लागते, आणि ‘बरे वाटेपर्यंत औषध घ्यायचे’ हा आजवरच्या साऱ्या आजारांतून शिकलेला नियम लावून रोगी गोळ्या थांबवितो. त्याच्या शरीरात जंतू शिल्लक आहेत, ते पुढे औषधाला जुमानणार नाहीत, हे त्याला दिसत नाही. ते सांगावेच लागते, आणि एकदा सांगून भागत नाही.

श्रोतेहो, हे गैरसमज आजचे नाहीत. मुंबईत १४ जून १८०२ रोजी एका तीन वर्षांच्या मुलीला हिंदुस्थानातील पहिली देवीची लस टोचण्यात आली, आणि पुढे गावोगाव जो सरकारी लस टोचणारा फिरू लागला त्याला लोक देवी डॉक्टर म्हणू लागले. आता ज्या घरात देवीचा रोग हा आजार नव्हे तर साक्षात देवीची भेट समजून कडुलिंबाचा पाला टांगला जाई, तिथे कोणी परका माणूस येऊन ‘देवी काढण्यास आलो आहे’ असे म्हणे, तेव्हा आई मुलाला माळ्यावर लपवी, यात नवल ते काय? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. रुग्णालयात माणसे मारतात अशी अफवा होती. त्या अफवेकडे अडाणीपणा म्हणून पाहण्याची आपली रीत आहे; परंतु कामगारांनी काय पाहिले होते ते ध्यानी घ्या. शिपाई माणसाला बळेच उचलून नेत, रोग बळावल्यावरच नेलेला तो माणूस बहुधा जिवंत परतत नसे, आणि आत काय झाले हे नातलगांना कोणी त्यांच्या भाषेत सांगत नसे. न सांगितलेली जागा माणसाचे मन भरून काढते, आणि भयाच्या काळी ते भयानेच भरून काढते.

ही उणीव त्या काळच्या आपल्या काही थोर माणसांनी ओळखली होती. डॉ. सखाराम अर्जुन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविले आणि मराठीत वैद्यकावर ग्रंथ लिहिले. ज्याला मराठी माणसावर उपचार करावयाचा त्याने शरीर मराठीत समजून घ्यावे, ही दृष्टी एकोणिसाव्या शतकातली आहे. आमच्या काळात डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी हेमलकशाला १९७३ नंतर औषधाबरोबर माडिया भाषेचा अभ्यास केला. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९८९ साली प्रसिद्ध केले. त्यांत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला, परंतु त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया जेमतेम ८ टक्के होत्या. या बाया दुखणे सांगत नव्हत्या, कारण विचारणारे कोणी नव्हते आणि विचारले तरी त्यांच्या शब्दांत विचारले जात नव्हते. याच दांपत्याने अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी एक साधन तयार केले, त्याचे मला फार कौतुक आहे. एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या रांगा, एवढाच त्याचा संसार. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजावयाचे. सुईणीला साठपर्यंत मोजता येत नाही म्हणून तिला नालायक न ठरविता, दहापर्यंत मोजता येते या तिच्या बळावर त्यांनी निदान उभे केले.

आता वैद्यांच्या बाजूविषयी दोन शब्द बोलतो. १९८४ साली अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी डॉक्टर-रोग्यांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या, तेव्हा रोगी बोलू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतो असे दिसून आले. आमच्याकडील गर्दी तर त्याहून किती तरी मोठी. परंतु गर्दीचे कारण पुढे करताना आपण एक हिशेब विसरतो : अपुरे ऐकून दिलेले औषध लागू पडत नाही, तोच रोगी आठवड्याने परत येतो, आणि गर्दी वाढते. चुकीचे ऐकण्याची किंमत तर याहूनही मोठी असू शकते. फ्लॉरिडात १९८० साली क्यूबन कुटुंबातील एका तरुणाला बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले गेले. नातलगांनी वापरलेल्या एका स्पॅनिश शब्दावरून त्याने अमली पदार्थ घेतला असे डॉक्टर समजले. नातलगांना सांगावयाचे होते की काहीतरी खाण्यातून बाधले असावे, आणि प्रत्यक्षात मेंदूत रक्तस्राव होत होता. तो तरुण हातापायांनी कायमचा अधू झाला आणि भरपाईचा करार ७ कोटी १० लाख डॉलरपर्यंतच्या रकमेचा झाला. दुभाषा बसविण्याचा खर्च याच्यापुढे किती नगण्य होता, हे सांगावयास नको.

वैद्याला सर्वांत अधिक फसविणारी गोष्ट म्हणजे रोग्याचा होकार. ‘समजलं ना?’ या प्रश्नास आपल्याकडे ‘हो साहेब’ याखेरीज उत्तर नाही. समोर कोट घातलेला मोठा माणूस, मागे रांग, शेजारी परके लोक, अशा स्थितीत ‘नाही समजलं’ म्हणणे हा उद्धटपणा वाटतो. म्हणून तो प्रश्नच निरुपयोगी आहे. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर ही औषधं कशी घेणार ते मला सांगा’ असे विचारावे. अर्ध्या मिनिटात खरा प्रकार बाहेर येतो, आणि जे हसू नंतर यावयाचे ते तिथेच, वेळेवर येते. तपासणीचा निकाल सांगतानाही हीच काळजी हवी. ‘काही नाही, सगळं नॉर्मल आहे’ हे वाक्य डॉक्टर दिलासा म्हणून उच्चारतो, आणि महिनाभर डोके धरून बसलेली बाई ते ‘तुम्ही ढोंग करता’ असे ऐकून घरी जाते.

आपल्या नाशकातच, म्हसरूळला, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आहे, आणि २०१९ पासून वैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात वर्तन, नीती आणि संवाद यांचे शिक्षण आवश्यक केलेले आहे. चिठ्ठी सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावी असा नियमही २०१६ साली झाला. हे योग्यच झाले. परंतु अभ्यासक्रमातला संवाद आणि केसपेपरच्या खिडकीवरचा संवाद यांत अंतर आहे, आणि ते अंतर अंबडकरांनीच मिटवावयाचे आहे.

तेव्हा येथे उपस्थित असलेल्या डॉक्टरबंधूंना आणि भगिनींना माझी विनंती आहे की, चिठ्ठीवर नाव आणि वय यांच्याखाली ‘पाळी कोणती’ अशी एक ओळ छापून घ्या, आणि गोळीची वेळ घड्याळाच्या नव्हे तर झोपेच्या आणि जेवणाच्या डब्याच्या हिशेबाने लिहा. खिडकीवर अहिराणी आणि हिंदी जाणणारी एक व्यक्ती बसवा. अशी माणसे याच वस्तीत मुबलक आहेत, आणि आशा कार्यकर्त्यांपैकी कित्येकींना ही जबाबदारी आनंदाने पेलता येईल. औषधविक्रेत्यांनी १-०-१ चा अर्थ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तोंडी सांगावा. आणि श्रोतेहो, आपण स्वतः जेव्हा दवाखान्यात जाल तेव्हा नुसती मान डोलावून उठू नका. ‘डॉक्टर, मी काय समजलो ते सांगतो, बरोबर आहे का पाहा’ असे म्हणा, आणि रांगेतील कोणी कुरकुर केली तरी ते पुरते सांगूनच बाहेर पडा.